अकीलभाईंची कटिंग

दाढी करताना शांतीलाल शेठच्या मिशीचा उजवा भाग खाली पडला आणि त्याच्याबरोबर अकीलभाईंचा आत्मविश्वासही पडला. मिशी परत उगवते, दुसऱ्या गोष्टीचं तसं नसतं. उरलेली अर्धी मिशी बिचारी एकटी काय करणार, म्हणून तीही काढावी लागली. शेठ घरी गेल्यावर शेठाणीने ओळखलंच नाही नि दार लावून घेतलं, अशी बातमी अक्कलकुव्याच्या बाजारात फिरली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. अकीलभाई वस्तरा टेकवण्याआधी गिऱ्हाइकाला विचारू लागले, "ठीक शे ना? चालू करू ना? नक्की?" गळ्यावर वस्तरा धरून कुणी असं विचारलं, तर बसणाऱ्याने काय समजायचं? तो श्वास रोखून बसे, आणि त्याचा चेहरा पाहून अकीलभाईंचा हात आणखी थरथरे. बापाने उभं केलेलं दाढी-कटिंगचं दुकान आपल्या हातून बुडणार, ही धास्ती त्यांनी घेतली.

त्यांची मुलगी अर्शिया कॉलेजात जाई. तिथे कुणा बाईंचं व्याख्यान झालं होतं. जो स्वतःची नीट निगा राखतो त्याचं मन खंबीर होतं, असं त्या म्हणाल्या होत्या. अर्शियाने ते घरी आणलं.

"अब्बू, तुम्ही बठ्ठा गावनी डोकी करतस. सोतानं डोकं कधी देखं?"

"दिनभर आरसासमोरच तं उभा ऱ्हास, बेटी."

"तठे तुम्ही गिऱ्हाइकले देखतस. सोताले नही."

अकीलभाईंनी पाहिलं. केस कानांवर आलेले, दाढी वाट फुटेल तिकडे गेलेली. पूर्वी त्यांचे केस धाकटा भाऊ कापायचा. तो सुरतेला कामाला गेल्यापासून त्यांच्या मानेला कात्री लागली नव्हती.

उपचार सुरू झाले. आधी सकाळचं फिरणं. पण अक्कलकुव्यात भल्या सकाळी काही काम नसताना माणूस रस्त्याने चालत नाही. जो तो थांबवून विचारी, "काय हरपनं, अकीलभाई? बकरी का?" दोन-तीन दिवस लोकांनी त्यांच्या नसलेल्या बकरीचा शोधही घेतला. मग फिरणं बंद झालं आणि प्रकरण कटिंगवर येऊन ठेपलं.

समोरच धीरजचं कटिंगचं दुकान होतं. पण तिथे जाऊन मान खाली घालायची म्हणजे आपल्या दुकानाची किल्लीच त्याच्या हातात देणं. तेव्हा अकीलभाई गुपचूप स्टँडवरून सुटणाऱ्या मगनच्या भाड्याच्या जीपमध्ये मागे, पोत्यांच्या आडोशाला बसले आणि शेजारच्या तळोद्याला गेले.

तळोद्यात परवेज नावाच्या कारागिराने त्यांना खुर्चीत बसवलं. गरम टॉवेल दिला, डोक्याला तेल चोळलं, कात्री झरझर चालवली, एकदाही "ठीक शे ना?" विचारलं नाही. शेवटी आरशात जो माणूस दिसला तो अकीलभाईंना फार आवडला. अशा माणसाच्या वस्तऱ्याखाली आपण डोळे मिटून गळा दिला असता, असं त्यांना वाटलं.

येताना ते जीपमध्ये पुढे बसले. मगनने वळून वळून पाहिलं. "कटिंग कराले गयथात का, अकीलभाई?"

पूर्वीचे अकीलभाई असते तर चाचरत काहीतरी थाप मारली असती. पण आत्मविश्वास नवा होता. "हां! मंग?" ते छाती काढून म्हणाले.

इथेच घात झाला. हलवाई दुसऱ्याच्या दुकानातून पेढे आणू लागला, तर त्याच्या पेढ्यांबद्दल काय समजायचं? पहिले शांतीलाल शेठ तळोद्याला गेले. खुद्द अकीलभाईंनी समोरचा धीरज सोडून तळोदा गाठला, म्हणून बाजारपेठही शेठच्या मागे गेली. मगन तर स्टँडवर ओरडू लागला, "चला तळोदा, तळोदा! दाढी-कटिंगवाला पुढे बठा!"

अकीलभाई दारात उभे राहून समजावत, "अरे भाऊ, सोतानी मान सोताले कातरता येस का?" लोक म्हणत, "खरं शे, खरं शे," आणि जीपमध्ये चढत.

नशिबाची थट्टा अशी की आता त्यांचा हात खांबासारखा स्थिर झाला होता. रिकाम्या दुकानात वस्तरा धरून ते बघत बसत. पातं जराही हलत नसे. फक्त त्याखाली धरायला डोकं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी डोंगरातला म्हातारा वाहरू खाली उतरायचा. वर्षानुवर्षं तो अकीलभाईंकडेच दाढी करी. त्या दिवशी तो गुळगुळीत गालांनी दुकानावरून मान खाली घालून चालला होता.

"वाहरूबाबा, तुम्ही बी?"

वाहरू थांबला. "मी नव्हतो जात, भाई. पण तूच गेला. तुझा तुलाच भरोसा नाय, तर मी कसा ठेवू?"

त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं. अर्शिया रडवेली होऊन म्हणाली, "मन्हं चुकनं, अब्बू."

"नही, बेटी. तू बरोबरच सांगं. मी चोरीनं गऊ नि मिरवत उनू, ते चुकनं." तुझ्याच हातात कात्री दिली असती तरी चाललं असतं, असं त्यांच्या मनात आलं. वाकडं झालं असतं, पण घरातल्या घरात राहिलं असतं. असे विचार नंतरच येतात, आणि मग बराच काळ मुक्काम करतात.

एके दिवशी भर दुपारी दुकानात एक माणूस शिरला. केस कानांवर, डोळे लाल. अकीलभाईंनी निरखून पाहिलं. परवेज होता.

"तुम्हनं बठ्ठं गाव मन्हावर उलटनं, भाऊ," तो खुर्चीत कोसळत म्हणाला. "जेवाले टाइम नही. काल एकनी मिशी अर्धी गई. आते हात थरथरस. मन्हं डोकं करी द्या. तळोद्यामा कोणाकडे जाऊ?"

अकीलभाईंनी काही न विचारता कात्री उचलली. तेल चोळलं, मान कोरली, कल्ले जुळवले. इतकं सुरेख काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं. परवेज आरशात बघता बघता ताठ बसला. "काय हात शे, भाऊ!"

अकीलभाईंचा जीव सुपाएवढा झाला. बाहेर स्टँडवर मगनची जीप भरत होती. तळोद्याचा परवेज हे डोकं घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडला, की संध्याकाळपर्यंत सगळं गाव परत येणार. त्यांनी लगबगीने दाराचा पडदा बाजूला सारला.

परवेजने पिशवीतून गमछा काढला आणि डोक्याला कानांपर्यंत घट्ट गुंडाळला. "मागलं दार शे का?"

"कसाले?"

"तुम्ही मोठा मनना माणूस, भाऊ," परवेज हळूच म्हणाला. "पण तुम्ही जी चूक करी, ती मी नही करनार."

एक हाक मारली असती तर मगनने वळून पाहिलं असतं. हाक घशापर्यंत आलीही. पण गाठ मारताना परवेजची बोटं थरथरत होती, आणि ती थरथर अकीलभाईंच्या ओळखीची होती. मागून त्याची कोरलेली मान दिसत होती. त्यांनी स्वतःच गमछा खाली ओढून ती झाकली. परवेज मागच्या गल्लीने निघून गेला.

अकीलभाई पुढच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांना फार वाईट वाटत होतं.

"अकीलभाई!" मगनने जीपमधून हाक मारली. "येतस का तळोद्याले? डोकं वाढनं तुम्हनं!"

अकीलभाईंनी मानेवरून हात फिरवला. खरंच वाढलं होतं.