हरेश्वर नाखव्यांनी जुनी नाव आणिली त्याची हकीकत

॥ श्री ॥ दर्याराजास दंडवत, जो भरतीस घरात येतो आणि ओहोटीस न विचारता निघून जातो. तैसाच वाचणारांस दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाखापासून श्रावणापावेतो, खाडीच्या दक्षिणतीरीच्या राज्यात जे वर्तले ते पाहिले-ऐकिले तैसे लिहितो; पदरचे मीठ थोडके.

त्या राज्याचे धनी हरेश्वर नाखवा. राज्य म्हणजे एक घर, एक होडके आणि दरारा. मिशा थोर, होडके लहान, ऐसी अवस्था. त्यांचे एकुलते चिरंजीव विघ्नेश सुकाणू धरण्याजोगे जाहले आणि होडके तो कुजत चालले, तेव्हा मोठी नाव आणावी ऐसी मसलत ठरली. उत्तरतीरी पदाजी नाखवा यांजकडे नाव विकाऊ आहे ऐसे वर्तमान आले, मग चुलतभावांची फौज घेऊन स्वारी कूच करिती जाहली. पदाजी मोठा मुत्सद्दी. त्यांनी नाव दाखविण्याआधी चहा पाजिला. आणि त्या मुलखाची चाल ऐसी की, ज्याचे घरचा चहा प्यालो त्याचा माल उलटून पाहणे म्हणजे त्याचे तोंडावर त्यास चोर म्हणणे. मग काय? फौजेने नावेचे कठडे थोपटले, यंत्र सुरू करून धूर हुंगला, ताज्या हिरव्या रंगाची वाहवा केली आणि तळाकडे कोणी वाकलेसुद्धा नाही. सौदा जाहला. नाव निघते समयी विकणाराचे घरची लक्ष्मी नावेची ओटी भरते, लेक सासरी धाडावी तैसी. परंतु पदाजींच्या कुटुंब जयवंतीबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "माजा हात दुखतो. ओटी काय भरवत नाय." ऐसे बोलून आत गेल्या. फौज वाटेने हसत आली की, एवढी नाव विकिली आणि बाईस एक नारळ सुटेना!

तीच थट्टा घरी येऊन सुगंधाबाईंस, म्हणजे नाखव्यांचे कुटुंबास, सांगितली. बाई हसल्या नाहीत. त्यांचे माहेर उत्तरतीरी. तिकडील बायकांचा नेम ऐसा की, जी नाव एकदा बुडून वर काढिली, तिचा तळ नवा होईतो तिची ओटी भरावयाची नाही. पुरुषांस या गोष्टी कोण सांगतो आणि सांगितल्या तरी ते ऐकतात कधी? दुसरे दिवशी बाई एकट्याच तरीत बसून खाडी ओलांडून गेल्या आणि जयवंतीबाईंस विहिरीवर गाठून पुसिले. त्या खाली मान घालून बोलिल्या, "खडकावर फुटली व्हती गो बाय. मानसं वाचली, नाव दोराने वढून काढली. यांनी शपथ घातली, कोनाला सांगायचं नाय. मग मी बोलले नाय. पन देवासमोर खोटी ओटी कशी भरू? वाटलं, कोन तरी बाय समजंल." ऐसे ऐकून सुगंधाबाईंनी तिचे पाय धरिले.

मग सुतार आणून नाव उपडी घातली आणि रंग खरवडिला, तो तळाचा मुख्य वासा या टोकापासून त्या टोकापावेतो चिरलेला, वरून लांबी, म्हणजे लुकण, भरून सारवलेला. भर वाऱ्यात दुभंगली असती आणि सुकाणूवर विघ्नेश. नाखव्यांनी वाकून त्या चिरेत बोट घालून पाहिले. मग उठले ते संतापून, की पदाजीस गावसभेत उभा करितो, लढाई पुकारितो. सुगंधाबाई बोलिल्या, "आनि सभेत इचारलं, कोनी सांगितलं, तर काय सांगशील? तिला त्याच घरात नांदायचं हाय. तिने आपला पोर राखला, आपन तिला राखायची का नाय?" यावर नाखव्यांची तलवार म्यान जाहली. वासा निमूट नवा घातला आणि राग गिळिला. ऐसा पराक्रम त्या घराण्यात पूर्वी कोणी केला नव्हता.

परंतु उपकार बोलता येईना, आणि न बोलता घास गिळेना. मग सुगंधाबाईंनी जयवंतीस बहीण मानिले आणि नारळी पौर्णिमेस नाव पाण्यात लोटण्याचे आधी नाळेवर, म्हणजे नावेचे पुढील टोकावर, ठळक अक्षरी "जयवंती" ऐसे लिहविले, आणि उभयतांस सन्मानाने बोलाविले. पदाजी फुगून आले. साडू जाहलो, नावेस आपले कुटुंबाचे नाव लागले, ऐसा मान तीरावर कोणास मिळाला? ज्यास त्यास दाखवीत हिंडू लागले. इतुक्यात विघ्नेश नावेत चढून सुकाणूस हात घालिते जाहले, ते पाहून पदाजींचा चेहरा उतरला. धावले आणि नावेचा दोर धरून सर्वांदेखत बोलिले, "थांबा नाखवा. पोराला नका धाडू. ही नाव फुटलेली हाय. मी लपवलं. तळ बघा आदी, मग मला काय मारायचं ता मारा."  हरेश्वर नाखव्यांनी जन्मात नाटकात काम केले नव्हते आणि ते दिसून आले. "अरे देवा, असं हाय काय," ऐसे बोलून त्यांनी पदाजीस उराशी धरिले आणि कानात सांगितले की, वासा नवा घातला आहे, चिंता न करावी. पदाजींनी कसे कळले ते विचारिले नाही. एकवार कुटुंबाकडे पाहिले आणि हात जोडिले.

जयवंतीबाई डोळ्यांस पदर लावून सुगंधाबाईंस बोलिल्या, "बाय, तुजा पोर वाचला तो वाचला. आज माजा घो पन काठाला लागला."

नाव पाण्यात गेली. विघ्नेश सुखरूप येजा करितात, उभय तीरांत सोयरीक नांदते. खरे सांगणारी एक होती म्हणून इतुके जाहले, तिचे आम्हा सर्वांवर ऋण आहे. येणेप्रमाणे हकीकत, लिहिणाराचे समजुतीप्रमाणे पुरी. शुभं भवतु.