टिकलीची शिष्यवृत्ती आणि सुसरबाईचा तिसरा दात

एका जंगलात एक नदी होती. नदी होती म्हणून सुसरबाई होती. सुसरबाई होती म्हणून दात होते. आणि दात होते म्हणून टिटव्यांचं दंतवैद्यकीय महाविद्यालय होतं.

मुलांनो, तिथला अभ्यासक्रम पाच पावसाळ्यांचा. सुसरबाईनं जबडा उघडला की आत जायचं, दातांच्या फटीतलं मांस टोकरून काढायचं आणि तेच खायचं. जबडा मिटायच्या आत जी बाहेर येई ती उत्तीर्ण. नापासांचा निकाल वेगळा लावावा लागत नसे.

टिकली नावाची टिटवी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. ती बोलायची कमी आणि बघायची फार. बघता बघता तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. सुसरबाईचा दात पडला की तिथे नवा येतो. वाघोबाचा पडला की नुसतं भोक राहतं. असं का?

"आपल्या जातीत आकाश पडेल म्हणून पाय वर करून झोपतात," मावशी म्हणाली. "तू मेली दात पडतात म्हणून झुरतेस. फटीत बघावं गं, दातात काय बघायचं?"

"पण मावशी, वाघोबा हल्ली नुसती खीर खातात."

"खाऊ देत की. गोड असते."

दात निरखत बसलं की मांस टोकरायला वेळ उरत नसे. टिकली वाळून काडी झाली. तेवढ्यात जांभळाच्या खोडावर सूचना लागली. दंतवैद्यांनी संशोधनाकडे वळावं म्हणून शिष्यवृत्ती. दोन वर्षं, रोज एक द्रोण गांडुळं.

निवड समितीत तिघं होते. कासव अध्यक्ष, घुबड आणि बगळा सदस्य. तिघांनाही दात नव्हते. "दात असले की मत एका बाजूला झुकतं," असं कासव सांगत असे.

"संशोधनाचा अनुभव किती?" घुबडानं विचारलं.

"अजून काहीच नाही," टिकली पायाच्या नखांकडे बघत म्हणाली. "त्यासाठीच शिष्यवृत्ती हवीय."

"अनुभव नसलेल्याला कशी देणार? आधी दोन वर्षं संशोधन करून ये."

"मग तोवर खाऊ काय?"

"छान विषय आहे," कासव म्हणालं. "यावर कुणीतरी संशोधन करायला हवं."

टिकली मुकाट्यानं जबड्यात परत आली आणि तिसऱ्या दाताशी बसली.

"काय गं, आजही खाल्लं नाहीस?" सुसरबाईनं विचारलं.

टिकलीनं सगळं सांगितलं.

सुसरबाई म्हणाली, "लोक येतात, म्हणतात, सुसरबाई, तुझी पाठ मऊ. नदी पार झाली की पळतात. तू एकटी म्हणालीस, तुझा तिसरा दात हलतोय."

त्या दिवसापासून तिसऱ्या दाताशी रोज माशाचा तुकडा अडकलेला सापडू लागला.

"वय झालं गं. चावणं होत नाही नीट," सुसरबाई म्हणायची आणि सांबराचं हाड कडकन फोडायची.

दोन वर्षांनी तिसरा दात पडला. टिकलीनं खाली वाकून बघितलं. आत इवलासा नवा दात तयार बसला होता. तिनं बाकीचे हलते दात तपासले. प्रत्येकाखाली एकेक वाट बघत होता.

पडलेला दात ओढत ती समितीपुढे गेली.

"वा, आता अनुभव आहे," घुबड म्हणालं. "पण उत्तरही सापडलंय. मग संशोधन कशाचं करणार?"

"वाघोबांच्या दाताखाली दुसरा का नसतो, त्याचं."

"आधी हे तरी खरं कशावरून?" बगळा म्हणाला. "पाहणी करावी लागेल."

समिती नदीवर आली. सुसरबाईनं जबडा उघडला. "या की आत. तिसऱ्या दातापाशी वाकलात की दिसेल."

"मला दिवसा दिसत नाही," घुबड म्हणालं.

"माझी मान वाकत नाही," बगळा म्हणाला.

कासवानं डोकं कवचात ओढून घेतलं आणि आतूनच अहवाल सांगितला. "समितीने जबड्याच्या दिशेने पाहणी केली. दात आढळले नाहीत."

शिष्यवृत्ती बगळ्याच्या भाच्याला मिळाली. विषय होता, सुसरीला दात का नसतात. तो दंतवैद्य नव्हता, पण एका पायावर उभं राहून विचार करण्याचा त्याला दोन वर्षांचा अनुभव होता.

भाच्यानं अहवाल मन लावून वाचला आणि निश्चिंतपणे जबड्यात शिरला. बाहेर आला तेव्हा शेपूट आतच राहिली होती.

"मी काही केलं नाही बाई," सुसरबाई म्हणाली. "दात कुठे आहेत मला?"

समितीची तातडीची बैठक झाली. भाच्याला आणखी दोन वर्षं गांडुळं मंजूर झाली. नवा विषय ठरला, बगळ्याची शेपूट आपोआप का गळते.

टिकलीनं फटीतली पांढरी पिसं काढून टाकली, माशाचा तुकडा खाल्ला आणि ती चौथ्या दाताखाली वाकली. वाघोबा अजून खीरच खातात.

तात्पर्य : मुलांनो, खूप शिका, टक लावून बघा, प्रश्न विचारा. मात्र उत्तर सापडलंच, तर शिष्यवृत्ती मिळेपर्यंत कुणाला दाखवू नका.