पंचवीसच्या पुढची सायकल

हार्मेनच्या सायकलीची मोटार ताशी पंचवीसला हात वर करी. पुढचा वेग ज्याचा त्याने पायांनी आणावा, असा कायदाच होता. आणि हार्मेनचे पाय एकोणऐंशी वर्षांचे होते. नदी ओलांडणारी पहिली बोट नऊला, पलीकडे सत्तावीस किलोमीटर बांधावरचा रस्ता, आणि त्याच्या टोकाला वृद्धाश्रमात बायको, तिनेके. तिची स्मृती ओसरत चालली होती. सकाळी साडेनऊ ते साडेदहा तेवढी ती भानावर असे. हार्मेन पोचे दहा वाजून दहा मिनिटांनी, आणि वाट्याला वीस मिनिटं येत.

शेजारच्या वीबेने आयुष्यभर पंप दुरुस्त केले होते. तो म्हणाला, "मोटारीला पटवून द्यायचं की चाक लहान आहे. आपण हळू चाललोय असं वाटून ती पळत सुटेल."

"पकडलं तर?"

"या वयात तुझ्यावर कोण संशय घेणार!"

दुसऱ्या दिवशी हार्मेन चाळिसाने निघाला. टोपी कालव्यात गेली, डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण पावणेदहाला तो तिनेकेसमोर उभा होता.

"बसा हो डॉक्टर," तिनेके म्हणाली.

"अगं, मी हार्मेन!"

"काहीतरीच! हार्मेन कधी वेळेवर आलाय? लग्नातसुद्धा पाद्री ताटकळला होता त्याच्यासाठी."

आणि पुढचा अख्खा पाऊण तास तिने डॉक्टरांकडे नवऱ्याच्या तक्रारी केल्या. बऱ्याचशा खऱ्या होत्या. हार्मेनला फार वाईट वाटलं. घरी येऊन त्याने निष्कर्ष मात्र भलताच काढला: अजून लवकर पोचायला हवं, म्हणजे तिला ओळख पटायला वेळ मिळेल. वीबेने मोटारीच्या हिशेबातलं चाक आणखी लहान केलं.

तिसऱ्या दिवशी बांधावर पोलीस सायकली तपासत होते. तरुण हवालदारीणबाईंनी सायकल रोलरवर चढवली.

"काका, सत्तेचाळीस!"

"मीटर बघा की, पंचवीस दाखवतोय."

"मीटर खोटं बोलतोय."

"एवढी घाई कुठे चालली होती?" दुसऱ्या हवालदाराने विचारलं. हार्मेनने सगळं सांगून टाकलं. सायकल टेम्पोत चढली ती चढलीच, पण बाईंनी त्याला आपल्या गाडीतून वृद्धाश्रमात सोडलं, पार आतपर्यंत. भिंतीवर दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"आलास?" तिनेके कडाडली. "कॉफीचं पाणी झालं! आणि वर पोलीस कशाला? एकट्याला रस्ता सापडत नाही होय रे तुला?"

हार्मेन रडायलाच लागला. असं कुणी ओरडून त्याला दोन दिवस झाले होते.

सायकल परत मिळाली ती पंचवीसवर बांधलेली. पोलिसांना सापडणार नाही असा एक उपाय वीबेकडे होता. हार्मेनने हात जोडले. उशीर हीच आता त्याची ओळख उरली होती आणि रोज दहा वाजून दहा मिनिटांनी तो मुकाट्याने बोलणी खाई.

डिसेंबरात एका सकाळी तो नेहमीच्याच वेळी आत शिरला. तिनेके खिडकीकडे बघत होती. ती वळली, हसली, आणि अदबीने खुर्ची दाखवली.

"बसा ना. आमचा हार्मेन येईलच एवढ्यात. उशीर करतो, पण येतो हं."

हार्मेन बसला. टेबलावर दोन कप होते. एक त्याने तिच्यापुढे सरकवला.

"मला घाई नाही," तो म्हणाला. "दोघं मिळून बघू त्याची वाट."