ताटातला हर्रास

मध्यंतरी बबनराव गिऱ्हे जेवायला बसले की पहिला घास घेण्याआधी ताटातल्या भाजीचा हर्रास पुकारत. हर्रास म्हणजे लिलाव. डावा हात कानावर, उजवा वाटीवर, आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत.

"ढेमसं! बाळापूरचं ढेमसं! कोवळं, सकाळचं तोडलेलं! बोला, माल समोर आहे!"

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचे, सुमनवहिनींचे, उत्तर येई.

"कोनी घेत नाही. गिळा."

मग बबनराव सावकाश "एक… दोन… तीन" म्हणत आणि गिऱ्हाईक नाही म्हणून माल परत गळ्यात पडलेल्या माणसाच्या चेहऱ्याने भाकरी मोडत.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे, त्यांचे घर माझ्या घरापासून तिसरे. मी एका दैनिकात काम करतो. भाजीपाल्याचे भाव छापणे हे माझ्याकडे फार वर्षांपासून आहे आणि ते भाव मला बबनराव देतात. भाजीबाजारात एका अडत्याच्या ओट्यावर उभे राहून हर्रास पुकारणे हा त्यांचा व्यवसाय. शेतकऱ्याचा ढीग ओट्यावर येतो, भोवती व्यापारी जमतात, बबनराव बोली वाढवत नेतात. त्यांच्या तोंडून "तीन" पडले की माल विकला गेला. त्यानंतर कोणी कितीही हात हलवला तरी उपयोग नाही.

ओट्याची भाषा त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे की ती घरी, दारी, लग्नात, मयतीत, कुठेच उतरत नाही. शेजारच्या सुनेचे बाळ पाहायला गेले तेव्हा त्यांनी ते उचलून उजेडात धरले, दोन्हीकडून फिरवले आणि म्हणाले, "दवातला माल आहे. नंबर एक." बाळाच्या आजीने बाळ काढून घेतले. माझ्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही त्यांना सोबत नेले होते. मुलीच्या वडिलांनी मुलाची चौकशी करताच बबनराव म्हणाले, "माल पाहून बोला. मांगून तक्रार चालनार नाही." लग्न ठरले, ही गोष्ट वेगळी.

असा हा माणूस पूर्वी भाजी मात्र खात नसे. आयुष्य भाजीच्या ढिगात गेलेले, दुरून नुसत्या वासावर मेथी कोणत्या गावची ते सांगणारे बबनराव जेवायला बेसन, वरण, पाटोडीचा झणझणीत रस्सा आणि आलू यांवर राहत. सकाळी ओटा उतरले की आलुवडे. दुपारी बेसन. मधल्या वेळी शेव. आलू ही भाजीच नाही का, असे मी एकदा विचारले.

"आलूचा हर्रास वेगळा, पेपरवाले," ते म्हणाले. "आलू-कांद्याचे लोकं वेगळे. त्याले भाजीत धरू नका."

भाजीपाला त्यांच्या घरी येत नसे असे नाही. बाजार उठल्यावर ओट्यावर जे उरते ते पुकारणाऱ्याने पिशवीत घालून न्यावे, अशी तिथली रीत आहे. चार वाकडी दोडकी, एखादे किडके वांगे, पिवळी पडलेली पालकाची जुडी. बबनराव ते इमानाने घरी आणत. सुमनवहिनी ते निवडून, शिजवून एकट्या खात. नवऱ्यासाठी बेसन वेगळे. लग्नापासून त्या घरात दोन चुली नसल्या तरी दोन स्वयंपाक होते.

ते बदलायची वेळ आली ती एका पावसाळ्याच्या सुरुवातीला. ओट्यावर गवारीचा ढीग होता. बबनरावांनी "एक" म्हटले, "दोन" म्हटले, आणि पुढे दमच पुरला नाही. ते छातीवर हात ठेवून उभे राहिले. त्या मोकळ्या जागेत एका व्यापाऱ्याने बोली वाढवली, मग दुसऱ्याने. पुढच्या ढिगालाही तसेच झाले. आठवडाभरात सगळ्या बाजाराला कळले की गिऱ्ह्यांच्या "दोन" आणि "तीन" यांच्या मध्ये आता बरीच जागा असते. शेतकरी खूश झाले. माल मुद्दाम त्यांच्याच ओट्यावर आणू लागले. व्यापारी कुरकुरू लागले. "हा माणूस 'तीन' म्हनेपर्यंत पालक सुकून जाते," असे एकाने माझ्यासमोर सांगितले.

अडत्या शेठ भला माणूस. त्याने बबनरावांना चहाला बोलावले आणि हळूच विषय काढला.

"बबनभाऊ, आता खाली बसा. गादीवर बसून पावत्या पाहा. पुकाराले दुसरा पाहू."

"मी गादीवर बसलो तर तिथंच झोपन," बबनराव म्हणाले. "मले ओटा पाह्यजे."

"दिवाळीपर्यंत पाहू," शेठ म्हणाला.

मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. तपासण्या झाल्या. हृदय ठीक होते, फुप्फुसे ठीक होती. वजन ठीक नव्हते. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभे केले आणि आकडा वाचला. बबनरावांनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"यातून कडता कापा," ते म्हणाले.

डॉक्टर अमरावतीचे, पण बाजारात कधी न गेलेले. त्यांना कळेना. मालाच्या वजनातून पोत्याच्या आणि ओलाव्याच्या नावाने जे कापतात तो कडता, हे मी त्यांना समजावले.

"कसला ओलावा?" डॉक्टरांनी विचारले.

"आताच चहा पेलो ना," बबनराव म्हणाले.

डॉक्टरांनी कडता कापला नाही. बेसन, शेव, आलुवडे बंद, रोज चालणे, आणि ताटात निम्म्याहून जास्त भाजी, असे त्यांनी सांगितले. वजन उतरले तर दम परत येईल, नाहीतर ओटा विसरा.

चालणे बबनरावांनी लगेच मनावर घेतले. ते मोर्णेच्या पुलावरून रोज जाऊन येऊ लागले आणि वाटेतल्या प्रत्येक हातगाडीपाशी थांबून तिच्यावरच्या मालाला नावे ठेवू लागले, त्यामुळे चालण्यापेक्षा भांडणच जास्त होई. भाजीचे मात्र जमेना. अमरावतीला दिलेल्या मुलीने फोनवर सांगितले म्हणून वहिनींनी लवकीचा, म्हणजे दुधीचा, रस काढून दिला. बबनरावांनी पेला डोळ्यांसमोर धरला. "हा माल चेपलेला आहे," म्हणाले आणि तुळशीत ओतला.

पुढच्या आठवड्यात ते मला मोठ्या अभिमानाने म्हणाले, "पालक सुरू केला, पेपरवाले. रोज खाऊन राहिलो."

"विचारा भाऊजी, कशात खाऊन राह्यले," वहिनी आतून म्हणाल्या.

"कशात?"

"बेसनात," बबनराव म्हणाले. "तळून. पन आत पालक आहे."

त्या आठवड्यात वजन वाढले.

ताटातला हर्रास सुरू झाला तो याच दिवसांत. वहिनींनी बेसनाचा डबा शेजारी नेऊन ठेवला होता आणि ताटात भाजी-भाकरीशिवाय काही नव्हते. बबनराव पुकारत, कोणी बोली लावत नसे, आणि ते दोन-तीन घास पाण्याबरोबर ढकलून उठत. उरलेले वहिनी खात. वजन घटेना, दम परत येईना, आणि श्रावण संपत आला.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. ताटात दोडके होते. हर्रास झाला, घास झाले, ताट बाजूला सरकले. मी बातमीदाराच्या सवयीने सरळ विचारले, "बबनभाऊ, चवीचा त्रास आहे की आणखी काही?"

ते भाकरीचा तुकडा बोटांत फिरवू लागले.

"आमचा मळा होता नदीकाठी. लहानसाच," ते म्हणाले. "बाप सायकलीवर टोपले बांधून अकोल्याले येये. माल इकला गेला तं संध्याकाळी येताना चन्याची दाळ आने, गूळ आने. माय बेसन करे. बाप गोष्टी सांगे. आन् इकला नाही तं टोपलं तसंच वापस. मंग त्या दिवशी घरी भाजी. कोनी काही बोले नाही. बाप भिताडाकडे तोंड करून जेवे."

वहिनी दाराशी उभ्या होत्या.

"भाजी घरी आली म्हनजे बाप हारून आला," बबनराव म्हणाले. "आमच्या घरी भाजी म्हनजे जे कोनी घेतलं नाही ते. मले आजबी तसंच लागते. तोंडात गेली का भिताड दिसते."

ही हकीकत वहिनी पहिल्यांदाच ऐकत होत्या, हे त्यांच्या उभे राहण्यावरून कळत होते. त्यांनी ताट उचलले आणि आत गेल्या. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज आला, तो नेहमीपेक्षा मोठा होता.

दोन दिवसांनी सकाळी मी बाजारात होतो. ओट्यावर ढेमसे आले होते. पहिल्या तोडीचे, अंगावर लव असलेले, एकसारखे. अशा मालावर व्यापारी तुटून पडतात. बोली चढत गेली आणि दोन व्यापाऱ्यांत थांबली. बबनराव "एक" म्हणाले, तेवढ्यात मागून एका बाईने बोली वाढवली.

सुमनवहिनी कांद्याच्या पोत्यांपाशी उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी बाजारात पाय ठेवलेला कोणी पाहिला नव्हता.

"सुमे, तू इथं काहून आली?" बबनराव ओट्यावरूनच म्हणाले.

"बोली लावून राह्यली. पुकारा."

"घरी चाल. मी आनतो ना उरलंसुरलं."

"उरलेलं नको. हा ढीग पाह्यजे. तुमाले घेता येत नाही ना?"

हे खरे होते. पुकारणाऱ्याने आपल्याच ओट्यावर बोली लावायची नसते. हा नियम बबनरावांनी कधी मोडला नव्हता.

"पूर्ण कॅरेट घ्या लागते," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"घेतो," वहिनी म्हणाल्या. "माल समोर आहे. पुकारा ना!"

व्यापारी हसले. एकाने वहिनींना डिवचायला बोली वाढवली. वहिनींनी त्याच्याकडे न पाहता आणखी वाढवली. तो म्हणाला, "जाऊ द्या वहिनी, तुमीच घ्या. घरचा मामला आहे."

"एक," बबनराव म्हणाले. "दोन."

आणि थांबले. त्या थांबण्यात कोणी बोली वाढवली नाही. दम संपला होता की दुसरे काही, हे मला लांबून ठरवता आले नाही.

"तीन. सुमनबाई गिऱ्हे."

त्या दिवशी आमच्या सगळ्या गल्लीत ढेमसे शिजले. कॅरेटभर भाजी दोन माणसांच्या घरात काय करणार? वहिनींनी घरोघरी वानोळा वाटला. मलाही मोठी पिशवी आली आणि भाव विचारायच्या निमित्ताने मी जेवणाच्या वेळी तिकडे गेलो. बबनराव पाटावर बसले होते. वाटीत मसाला भरलेले अख्खे ढेमसे होते. मी हर्रासाची वाट पाहिली. तो झाला नाही. त्यांनी ढेमसे बोटाने दाबून पाहिले, घास घेतला आणि चावत राहिले. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता.

"कसं झालं?" वहिनींनी विचारले.

"तिखट कमी आहे," बबनराव म्हणाले आणि वाटी पुढे केली.

त्यानंतर वहिनी वरचेवर बाजारात दिसू लागल्या. कॅरेट झेपेना तेव्हा गल्लीतल्या बायका वाटणीला आल्या. बरबटी झाली, चवळाई झाली, कारले झाले. कारल्याला हर्रास परत सुरू झाला, पण वहिनींनी एकदा खरोखरच बोली लावून त्यांच्या वाटीतले निम्मे उचलून नेले, तेव्हा ते चिडले. "तीन म्हनलो नवतो मी!" असे ओरडून त्यांनी वाटी परत घेतली. दिवाळीपर्यंत सदरा सैल झाला. डॉक्टरांच्या काट्यावर त्यांनी कडत्याचे नाव काढले नाही. शेठने ओट्याचा विषय पुन्हा काढला नाही. शेतकऱ्यांची मात्र थोडी निराशा झाली.

मागच्या थंडीत मेथी इतकी आली की ओट्यावर जागा नव्हती. भाव पाडून पाडून व्यापारी थकले आणि निघून गेले. बाजार उठायच्या बेताला एक म्हातारा शेतकरी पोहोचला. त्याची गाडी वाटेत बंद पडली होती. त्याने गाठोडे सोडले. मेथी माना टाकत होती.

बबनराव ओट्यावर परत चढले. "मेथी! बोला!" त्यांनी पुकारले. चार हमाल आणि मी, एवढेच लोक होते. त्यांनी पुन्हा पुकारले. म्हाताऱ्याने गाठोड्याची टोके परत जुळवायला घेतली.

बबनरावांनी मान वर करून चहाच्या टपरीकडे पाहिले. सुमनवहिनी तिथे पिशवी घेऊन उभ्या होत्या. वांगी घेऊन झाली होती, त्या नवऱ्यासाठी थांबल्या होत्या. वहिनींनी हात वर केला आणि त्या सकाळी सगळ्यांत चांगल्या मेथीला मिळालेला भाव सांगितला.

"एक-दोन-तीन!" बबनराव म्हणाले. एका दमात. मध्ये बोट शिरायला जागा नव्हती.

म्हाताऱ्याने मेथी ओतली, कापड झटकले, घडी घालून काखेत मारले आणि पैसे मोजून घेऊन तो मोकळ्या हातांनी फाटकाकडे चालू लागला. तो दिसेनासा होईपर्यंत बबनराव ओट्यावर उभे होते.

मग ते खाली उतरले आणि जुड्या पिशवीत भरू लागले.

"वांगे उद्या," ते वहिनींना म्हणाले. "आज मेथी कर. आलू नको टाकू."