मेव्हण्याचा जस्ताचा आकडा

मायकेल लोहाराच्या घरात चुलीवरचा आकडा मेव्हण्याने आणून लावावा, याहून मोठी बेअब्रू १९३८ सालच्या उत्तनमध्ये दुसरी नव्हती. सणाआधी पंधरा दिवस मीठ लावलेलं डुकराचं मांस टोपलीत घालून धुरावर टांगायचं, आणि गावभर त्या टोपल्या मायकेलने ठोकलेल्या लोखंडी आकड्यांनाच लटकायच्या. यंदा मेव्हणा व्हिन्सेंट मुंबईच्या कारखान्यातून जस्ताच्या मिश्रधातूचा हातभर लांब, चकचकीत आकडा घेऊन आला. लूर्डसने नवऱ्याचा आकडा भिंतीतून उपटला आणि भावाचा ठोकला.

“कसा चांदीवानी दिसतोय! तुमचा तो काळाकुट्ट.”

“दिसतोय, पन दम हाय का त्यात?” म्हणत मायकेल स्वतःच त्याला लोंबकळला. आकडा हू की चू करेना.

“आरामात लटका, भाऊजी,” व्हिन्सेंट हसला. मायकेलचा जळफळाट झाला.

तिसऱ्या दिवशी त्याला दिसलं, की टोपली बोटभर खाली आली आहे. चौथ्या दिवशी आणखी बोटभर. गार असताना अख्खा मायकेल पेलणारा आकडा चुलीच्या धगीत वीस शेर मांसाने हळूहळू वाकत होता. बायकोला सांगावं का? छे! सणाला फादर जेवायला येणार होते. त्यांच्यादेखत टोपली चुलीत पडली, की मेव्हण्याचं नाक कापलं जाणार. मग सणाचं मांस जळालं तरी बेहत्तर! सणापर्यंत आकडा पुरता वाकावा म्हणून तो रोज पहाटे उठून चुलीत लाकडं सारू लागला.

“चूल तुमी पेटवली?” लूर्डस चाट पडली. “लग्नापासून न्हाय घडलं.”

“तुझ्या भावाचा आकडा हाय. मानपान नको?”

सणाच्या दिवशी टोपली जाळापासून वीतभर वर लोंबत होती, पण पडायचं नाव घेत नव्हती. फादरांनी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि डोळेच मिटले. इतकं खरपूस, आतपर्यंत धुरी लागलेलं मांस त्यांनी उत्तनमध्ये कधी खाल्लं नव्हतं.

“सगळी करामत आकड्याची, फादर,” लूर्डस म्हणाली. “रोज बोटभर खाली येतो. मी रोज बघतेय ना! मांसाला बेतानं धग लागते.”

“अगं, तो कच्चा हाय म्हनून वाकतोय!” मायकेल ओरडला.

“तुमचा तर जागचा हलतच न्हाय,” शेजारची बर्नडेट म्हणाली.

लूर्डस नवऱ्याकडे वळली. “म्हंजे तुमाला ठावं होतं? आन् तरी रोज चूल भडकवत होता?”

मायकेलने मांसाचा भला मोठा तुकडा तोंडात कोंबला.

फादरांनी हात पुसले. “मायकेल, आमच्या चुलीवर चार आकडे हवेत. असेच खाली येणारे. तुला जमेल, की व्हिन्सेंटला सांगू?”

वीस वर्षांत मायकेलच्या हातचं लोखंड केसभरही वाकलं नव्हतं. त्याने मेव्हण्याच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि घास गिळला.

“जमेल की, फादर,” तो म्हणाला. “रोज किती बोटं?”