होळीनंतरचा ईस्टर

वासुकाका टेंभेकरांनी आयुष्यात अंड्याला हात लावलेला नाही. अंड्याचं नावसुद्धा ते घेत नाहीत, 'गोलक' म्हणतात. तरीही दर वसंतात ते ब्रह्मा घाटावरच्या आपल्या घराच्या गच्चीवर बसून ईस्टरचे गोलक रंगवतात. अर्थात अंड्यांच्या जागी बेलफळं असतात. "आकार तोच, कवच जास्त पक्कं, आणि महादेवाला चालतं," असं त्यांचं म्हणणं. येशूला चालतं का, हे विचारायची हिंमत अजून कोणी केलेली नाही.

आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर एकही नाही. पण त्या वर्षीचा ईस्टर कधी, हे पानवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. "का गुरुजी, ए साल ईस्टर कब पड़ी?" पानवाला विचारतो. काका थांबतात, डोळे मिटतात आणि तिथी, वार, नक्षत्र असं सगळं सांगतात. पानवाला ते पुढच्या गिऱ्हाइकाला सांगतो. गिऱ्हाईक मान डोलावतं. काशीत तिथी ऐकली की माणसं मान डोलावतात, सण कोणाचा ते विचारत नाहीत.

काका रामघाटाच्या एका पाठशाळेत ज्योतिषगणित शिकवायचे. आता निवृत्त आहेत, पण पंचांगाचं गणित रोज हातानं करतात. फोनमध्ये सगळं तयार मिळतं, असं मी एकदा हळूच म्हटलं होतं. "फोनला विचारून आकाश चालत नाही," ते म्हणाले. त्यानंतर मी काही म्हटलं नाही. मी तशीही फार काही म्हणत नाही.

ह्या सगळ्यात मी ओढली गेले, कारण मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. माझं घर त्यांच्या समोरच आहे, मधल्या गल्लीतून एक गाय जेमतेम जाते. त्यामुळे काका त्यांच्या खिडकीतून माझ्या खिडकीत प्रश्न टाकतात.

"आदू, चाळीस दिवसांच्या त्यांच्या उपासात दूध चालतं का गं?"

"माहीत नाही, काका."

"मतलब? बारा वर्षं काय करत होतीस तिथे?"

बारा वर्षं मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसत होते. गुड फ्रायडेला सुट्टी असायची, एवढंच माझं ह्या विषयातलं ज्ञान. पण काकांच्या लेखी मी सिस्टर लोकांच्या हाताखाली तयार झालेली विदुषी होते. मला काही येत नाही हे त्यांना माझ्या विनयाचं लक्षण वाटायचं. शेवटी तेच मला शिकवायला लागले.

"जुन्या काळी त्यांच्या उपासात गोलक वर्ज्य होते. माणसांनी खाणं बंद केलं, पण कोंबडीला कोण सांगणार? ती आपली देतेच आहे. चाळीस दिवसांनी घरात ढीग. त्याचं काय करायचं? रंगवायचे आणि वाटायचे. साधं गणित आहे."

"आणि ससा?" मी विचारलं. शाळेतल्या एका तक्त्यावर टोपलीजवळ ससा होता, तेवढा मला आठवत होता.

काका इतके खूश झाले की खिडकीतून अर्धे बाहेर आले. "चंद्रावर काय दिसतं आपल्याला? ससा. म्हणून तर त्याला शशांक म्हणायचं. ईस्टर कशावर ठरतो? पौर्णिमेवर. मग पौर्णिमेच्या सणाला ससा येणार नाही तर काय घूस येणार?"

अशी प्रत्येक गोष्ट ते घरी आणून बसवायचे. पोलंडात ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांवर पाणी ओततात, म्हणजे ती रंगपंचमी. रशियाकडच्या चर्चचा ईस्टर बहुतेक वेळा वेगळ्या रविवारी येतो, हे कळलं त्या दिवशी तर त्यांनी काकूंना पेढे आणायला पाठवलं. "त्यांच्यातही स्मार्त आणि भागवत आहेत गं. अगदी आपल्या एकादशीसारखं." इंग्रजांच्या जुन्या लोकांत इओस्त्रे नावाची कोणी देवी होती, तिच्यावरून ईस्टर हे नाव पडलं, असं एका प्राचीन साधूनं लिहून ठेवलं आहे म्हणे. ती काकांच्या मते आपली उषा. मी घाबरत म्हटलं, की बऱ्याच विद्वानांना ते पटत नाही असं मी वाचलंय, आणि इतर बऱ्याच भाषांत ह्या सणाला यहुद्यांच्या सणावरूनच नाव आहे.

"विद्वानांना काहीच पटत नाही," काका म्हणाले. "मला माहीत आहेत विद्वान. मी त्यांच्याच गल्लीत राहतो."

एका वर्षी त्यांना कळलं, की परदेशात खेड्यापाड्यांतून गोलक कांद्याच्या सालीत उकळून तांबडे करतात. काकांच्या घरात कांदा येत नाही. काकूंनी लग्नानंतर कांदाभजी खाल्ली ती फक्त माझ्या आईच्या स्वयंपाकघरात, दार लावून. त्या घरात काकांनी भाजीवालीकडून पिशवीभर साली आणल्या आणि मोठ्या पातेल्यात बेलफळांसकट चुलीवर ठेवल्या.

"सगळा जन्म मला कांद्याशिवाय ठेवलं," काकू गच्चीवरून माझ्या आईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "आणि आता स्वतः साली शिजवतायत. कांदा नाही हो, साली."

बेलाच्या कवचानं रंग घेतला नाही, वास मात्र घेतला. संध्याकाळपर्यंत घाटावर बातमी होती, की टेंभेकरशास्त्री कांदा खायला लागले. दोन यजमानांनी येणं थांबवलं. तेव्हापासून काका गेरू आणि हळद वापरतात.

मग आलं गोलक घरंगळवणं. येशूच्या कबरीच्या तोंडावरची धोंड सरकली, त्याची आठवण म्हणून तिकडे टेकडीवरून गोलक सोडतात. आमच्याकडे टेकडी नाही, पण पायऱ्या आहेत. काकांनी सकाळी सकाळी ब्रह्मा घाटाच्या वरच्या पायरीवरून रंगीत बेलफळं सोडली. एक बकरीला लागलं, एक स्नान करणाऱ्या गृहस्थांच्या लोट्यात बसलं, आणि एक उड्या मारत थेट नावेत गेलं.

"गुरुजी, ई का परसाद है?" नाववाल्यानं खालून विचारलं.

"ईस्टर है," काका म्हणाले.

नाववाल्यानं फळ कपाळाला लावलं आणि फोडून खाल्लं. नावेतल्या परदेशी बाईनं फोटो काढले. पुढच्या वर्षी एक गाईड आठ-दहा पाहुणे घेऊन त्याच वेळेला हजर होता आणि हा काशीचा फार प्राचीन विधी असल्याचं त्यांना समजावत होता. काकांनी त्याला बोलावून तिथी सुधारून दिली. बाकीचं तसंच राहू दिलं.

तिथीच्या बाबतीत ते कोणाचंच ऐकत नाहीत, आणि त्यातूनच एका वर्षी पंचाईत उभी राहिली.

काकांना एकच मुलगी, शुभाताई. ती पुण्याला शिकायला गेली आणि तिथे तिनं नगरच्या संजय भालेरावांशी लग्न केलं. भालेरावांचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. काकांनी विरोध केला नाही. लग्नालाही गेले नाहीत. काकू एकट्या गेल्या. त्या दिवशी काका दिवसभर एका ग्रहणाचं गणित करत बसले होते, आणि ते ग्रहण भारतातून दिसणारसुद्धा नव्हतं.

त्या वर्षी शुभाताईला मुलगी झाली. होळीच्या थोडं आधी तिचा फोन आला. "बाबा, ईस्टरला बाळाचा बाप्तिस्मा आहे. लग्नाला आला नाहीत. ह्याला याल ना?"

"येतो," काका म्हणाले. काकूंनी नंतर आईला सांगितलं, की काकूंना बघायला आले तेव्हाही त्यांनी इतक्या लगेच 'हो' म्हटलं नव्हतं.

मग काकांनी गणित केलं. वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तो संपात, त्यानंतरची पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार, तो ईस्टर. त्या वर्षी संपात होऊन काही तासांतच होळीची पौर्णिमा पूर्ण होणार होती. म्हणजे ईस्टर होळीनंतरच्या रविवारी. चर्चनं मात्र चैत्रातली पौर्णिमा धरली होती. मध्ये जवळजवळ महिना.

काकांनी फोन उचलला आणि शुभाताईला सांगितलं, की चर्चचा दिवस चुकीचा आहे, त्या दिवशी बाळाच्या डोक्यावर पाणी घालू नये, बाप्तिस्मा होळीनंतर उरकून घ्यावा, ते तेव्हा येतील.

"तेव्हा चर्चमध्ये उपासाचे दिवस असतात, बाबा."

"ते त्यांनी चुकीचे धरलेत."

 पलीकडून फोन बंद झाला, आणि पुन्हा आला नाही.

दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन कॅन्टोन्मेंटच्या चर्चमध्ये गेले. माझं तिथे काम काय, हे मला कळलं नव्हतं. मी कॉन्व्हेंटची म्हणून दुभाषी, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. फादर हिंदी आमच्यापेक्षा चांगली बोलत होते.

"फादर, आपकी पूर्णिमा ग़लत है," काका खुर्चीत बसता बसता म्हणाले.

फादरनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"बैठिए पंडितजी, चाय लेंगे?"

"बाहर का नहीं लेता. आप लोग संपात कब मानते हैं?"

"इक्कीस मार्च. हमेशा."

"और चंद्रमा?"

"उसकी पुरानी सारणी है."

"मतलब आप लोग चंद्रमा को देखते नहीं?"

"नहीं."

"सूर्य को?"

"नहीं, पंडितजी."

काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. एखाद्याच्या घरी कोणी वारल्याचं कळावं तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी खिशातून कागद काढला आणि फादरना सगळं गणित समजावलं. फादरनी शांतपणे ऐकलं, मध्ये एक चांगला प्रश्नही विचारला. शेवटी म्हणाले, "हो सकता है आप ही सही हों. लेकिन मैं अकेला अपना ईस्टर मनाऊँगा तो गिरजे में बैठेगा कौन?"

काका उठले. दारापाशी फादरनी विचारलं, "बुरा न मानें, पंडितजी, आपको ईस्टर से क्या काम?"

काकांना कुठल्याही प्रश्नाचं उत्तर लांबलचक देता येतं. ह्याला त्यांनी फक्त "नातिन है" एवढंच म्हटलं.

रिक्षात त्यांनी तो कागद पुन्हा एकदा तपासला. "सज्जन माणूस आहे," मैदागिनजवळ म्हणाले. "पण कधी गच्चीवर जात नाही."

होळी झाली. नंतरच्या रविवारी काकांनी ठरल्याप्रमाणे आपला ईस्टर केला. बेलफळं रंगवली, पायऱ्यांवरून सोडली. गाईड आला नाही, त्याच्याकडे चर्चची तारीख होती. नाववालाही लग्नाला गावी गेला होता. फळं खाली जाऊन थांबली आणि काका एकटेच पायऱ्या उतरून ती गोळा करून आले.

त्या संध्याकाळी काकूंनी मला बोलावून घेतलं. "आदू, तुझ्या फोनवरून माझं नगरकडचं तिकीट काढ. चर्चच्या तारखेचं. एकच. ह्यांना काय करायचं ते करू देत."

काका आतल्या खोलीत आमच्याकडे पाठ करून बसले होते. मी खालच्या आवाजात गाड्या बघायला लागले. काकू मटार सोलत होत्या. त्यांनी आवाज खाली वगैरे केला नाही.

"आमच्याकडे रीत आहे. लेक सासरी गेली की वर्षाचे सण तिला बापानं कळवायचे. संक्रांत कधी, वटपौर्णिमा कधी. माझे वडील मरेपर्यंत मला कळवत होते, नवरा पंचांग करणारा असून. शुभाचं लग्न झालं आणि ह्यांनी पहिली संक्रांत कळवली नाही. म्हणाले, तिला आता काय उपयोग. तिनंही विचारलं नाही. मग पाडवा गेला. आणि एक दिवस हे लायब्ररीतून येऊन म्हणाले, सापडला एक. मी म्हटलं, काय सापडला? म्हणाले, तिला कळवण्यासारखा सण."

मटाराचे दाणे ताटात पडत राहिले. मला कुठे बघावं ते कळेना, म्हणून मी फोनमध्ये बघत राहिले. एक सीट निवडली होती. पुढे जायला प्रवाशाचं वय हवं होतं आणि काकूंना वय कसं विचारावं ह्या विचारात मी होते, तेव्हा काका बाहेर आले.

"दोन काढ," ते म्हणाले. "मला खालचा बर्थ. आणि आधी शुभाला लाव."

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. त्यांना फोन कानाला लावून बोलायची सवय नाही, हातात आरशासारखा धरतात, त्यामुळे सगळं सगळ्यांना ऐकू येतं.

"शुभे, लिहून घे. चैत्र वद्य द्वितीया, रविवार. ईस्टर."

पलीकडे बाळाचा आवाज होता.

"गणित करून सांगताय, बाबा?"

"हो," काका म्हणाले. त्यांना खोटं बोलताना मी तेव्हाच पाहिलं. "चैत्रातलीच पौर्णिमा धरायची. बाळाला पाणी कोमट घाला म्हणावं."

 मग शुभाताई म्हणाली, "बाबा, पाडवा कधी आहे?"

काका माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच विचारलं होतं.

"तुला कशाला?"

"मी गुढी उभारते, बाबा. दर वर्षी. सासूबाई काठी धरतात. तारीख शेजारच्या जोशीणबाईंना विचारावी लागते."

काकू मटार सोलायच्या थांबल्या. काका फोन हातात धरून तसेच खाली जमिनीवर बसले, मांडी घालून, पाठशाळेत बसायचे तसे.

"जोशीणबाईंना काय कळतंय," ते म्हणाले. "लिही. पाडवा शनिवारी. सूर्योदयाला प्रतिपदा आहे, शंका नको. मग रामनवमी. अक्षय्य तृतीया. लिहितेस ना? वटपौर्णिमा..."

ते सावकाश सांगत होते, प्रत्येक सणानंतर थांबत होते, आणि पलीकडून प्रत्येक वेळी "हं" येत होतं. फोन माझा होता, तिकिटाचं पान त्यातच उघडं होतं. मधल्या काळात ते केव्हाच मिटून गेलं असणार आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून भरावं लागणार होतं. पण त्यांचा अजून नुकता श्रावण लागला होता.