चंदाबाईचं शून्य

पांढरकवड्याच्या कार्यालयात भिंतीवर मोठा टीव्ही लागला, त्यावर कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या दीपानं रंगीत ग्राफ चढवले, आणि तिसऱ्याच आठवड्यात चंदाबाईचं काम सुटायची वेळ आली.

तसं प्रकरण साधं होतं. झरी जामणीकडच्या जंगलातल्या गावांमध्ये चंदाबाई धरून संस्थेच्या पाच बाया शेळ्यांना लस टोचत. टोचल्याची नोंद मोबाइलवर करायची. नोंद पोचली की टीव्हीवर त्या बाईच्या नावाचा खांब वर चढे. कार्यालयाचे प्रमुख पुंडलिकराव साहेब इतके खूश झाले, की त्यांनी सगळ्यांत आधी स्वतःच्याच नावाचा खांब लावून घेतला. रोज एक गावभेट, नोंद संध्याकाळी पाचच्या आत.

"नागपूरच्या मुख्य कार्यालयालाही दिसू दे," ते म्हणाले. "आणि ज्याच्या खांबावर शून्य येईल, त्याच्या नावानं पत्र आपोआप निघालं पाहिजे. बायांचा हिशोब दर तीन आठवड्यांनी, माझा रोजच्या रोज. 'कामावरून कमी का करू नये?' तेही तूच जमव."

दीपानं तेही जमवलं. त्यांच्या भेटी डांबरी सडकेवरच्या गावांना असत, त्यामुळे साहेबांचा खांब सदा हिरवागार राही.

त्या सोमवारी मशीननं करकर करत पहिलं पत्र ओकलं आणि त्यावर चंदाबाईचं नाव पाहून दीपा ते तसंच साहेबांकडे घेऊन गेली. मागच्या पावसाळ्यात लसीचा डबा डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून नाला ओलांडणारी बाई ती. तिचं शून्य? छे!

"साहेब, एकदा जाऊन पाहू ना."

"जाऊच. पत्र हातोहात देऊ. माझी आजची भेटही होईल."

त्या बाजूला एकच गाडी जात असे, उकंडा ड्रायव्हरची जीप. साहेब पुढच्या सीटवर बसले, मागे दीपा आणि गावकऱ्यांच्या टोपल्या. टोपल्यांच्या मधे एक कापडी पिशवी लोंबकळत होती.

गावात पोचल्यावर दीपाला पहिल्यांदा दिसल्या त्या शेळ्या. एकूणएक शेळीच्या शिंगाला लस टोचल्याचा निळा रंग. चंदाबाई गोठ्यातून हात पुसत आली. साहेबांनी खिशात हात घालायच्या आत तिनं वही उघडून त्यांच्या नाकासमोर धरली.

"एकशे शहाऐंशी! मोजून घ्या बाप्पा."

"मग फोनवर शून्य कसं?" साहेबांनी विचारलं.

"इथं रेंज कुठं हाये? राती फोनात भरायचं, सकाळी फोन उकंडाच्या पिशवीत टाकायचा. घाटात मोहाचं झाड हाये ना, तिथं रेंज लागते. जीप तिथं थांबली का आमच्या पाचही जणीइच्या नोंदी आपोआप जाते. संध्याकाळी फोन वापस."

"मग तुमच्याच काहून नाही गेल्या?" दीपानं विचारलं.

चंदाबाईनं जीपकडे डोळे वटारले. "इच्यारा त्यालेच! तीन हप्त्यापासून माहा फोन पिशवीत घेत नाही थो."

"काहून घेऊ?" उकंडा तिकडूनच ओरडला. "माह्या सासऱ्याले हिनं पुढची सीट नाही देली! सत्तर वर्साचा बुढा मागं टोपल्यायवर बसून आला!"

"माह्याजवळ लसीचा बरफ होता! बरफ कायले बसवू टोपल्यायवर?"

दीपानं डोक्याला हात लावला. फोनला रेंज कुठं लागते, हे तिनं या बायांना एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली. तिनं आपल्या पर्समधून रोजच्या एकूण नोंदींच्या ग्राफचा छापील कागद काढला, तर उकंडा त्यात डोकावला आणि बोट ठेवून घडाघडा वाचायला लागला.

"हा खड्डा पाह्यला? क्लच प्लेट गेलती. हे दोन दिवस साळीचं लगन. आन् हा उंचा हाये ना, त्या दिवशी बजार होता, मी तीन खेपा मारल्या."

साहेब कागदाकडे पाहत राहिले. तीन आठवडे टीव्हीसमोर उभं राहून ते ज्यावर भाषण देत होते, ती कामगिरी पाच बायांची नव्हतीच, उकंडाच्या जीपची होती. त्यांनी खिशातलं पत्र खिशातच चुरगाळलं.

मग समेट झाला. बर्फाचा डबा असेल त्या दिवशी पुढची सीट चंदाबाईची, नसेल त्या दिवशी सासऱ्याची. त्या दिवशी नवी लस आणायची होती, म्हणून रिकामा डबा मांडीवर घेऊन चंदाबाई पुढे बसली आणि साहेब मागे टोपल्यांवर गेले. उकंडानं पिशवी सगळ्यांपुढे फिरवली.

"साहेब, फोन टाका."

"फोन म्हणजे काय कोंबडी आहे पिशवीत कोंबायला?" साहेब म्हणाले. "माझा माझ्याजवळ राहील."

मोहाचं झाड मैलभर राहिलं असताना जीपच्या पोटात काहीतरी कडाडलं. उकंडा खाली वाकला आणि उठून म्हणाला, "पुन्हा गेली." साडेचार झाले होते. चंदाबाईनं पदर खोचला, पिशवी खांद्याला मारली.

"चाल पोरी, पायी जाऊ. साहेब, देता का फोन?"

साहेबांचे बूट नवे होते आणि ताठाही अजून पुरता उतरला नव्हता. "तुम्ही व्हा पुढे. गाडी होईलच आता."

दोघी झाडाखाली पोचल्या तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. पिशवीतले फोन एकामागून एक टुणटुणले. चंदाबाईच्या तीन आठवड्यांच्या नोंदी वर गेल्या आणि दीपाच्या फोनवर तिचा खांब सगळ्यांच्या वर निघाला. दीपाच्या डोळ्यांत पाणीच आलं. चंदाबाईनं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "बरं हाये. वही फेकू नोको पण."

गाडी झाली तेव्हा सात वाजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून पत्र आलं. मजकूर दीपाच्या ओळखीचा होता, शब्दन् शब्द तिनंच लिहिलेला. फक्त नाव पुंडलिकरावांचं होतं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि हळूच तिच्या टेबलावर ठेवलं.

"उत्तर लिही."

"कारण काय लिहू, साहेब?"

साहेबांनी टीव्हीवरच्या आपल्या लाल खांबाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर हॉर्न देत उभ्या असलेल्या उकंडाकडे.

"लिही," ते म्हणाले, "क्लच प्लेट."